परदेश प्रवासाचा विमा : व्हिसापुरता कागद की आजारपणात आधार?

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, अनेक घरांतलं कुणी ना कुणी आज परदेशात आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे जायचं ठरलं की तिकीट, व्हिसा, चकली-लाडवाचे डबे यांची तयारी महिनाभर चालते. विमा मात्र शेवटच्या आठवड्यात, "काढून टाका एक" असं एजंटला सांगून उरकला जातो. व्हिसासाठी चालणारा विमा आजारपणात चालेलच असं नाही. पैसे भरण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा.

व्हिसाला काय लागतं?

युरोपातल्या २९ देशांच्या शेंगेन व्हिसाला विमा सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरोचं संरक्षण हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवं. तातडीचे उपचार, हॉस्पिटलात भरती होणं, आणि आजारी माणसाला किंवा मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आला पाहिजे. अनेक फेऱ्यांचा व्हिसा मागितला असेल तर अर्जासोबत पहिल्या फेरीचा विमा पुरतो. पुढच्या प्रत्येक फेरीचा विमा मात्र आपणच आठवणीनं काढायचा असतो.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी सक्ती नाही. पण उपचार अतिशय महाग आहेत ते तिथंच. म्हणून सक्ती नाही, तिथं विम्याची गरज नाही असं समजू नका.

आकडा मोठा, पण आत काय?

पॉलिसीवर ५० हजार, १ लाख, अडीच लाख डॉलर असे आकडे असतात. तेवढे पैसे मिळतीलच असं नाही. ठरावीक वयाच्या पुढच्या प्रवाशांसाठी अनेक पॉलिसींत आत वेगवेगळ्या मर्यादा असतात : खोलीला दिवसाला इतके, आयसीयूला इतके, ऑपरेशनला इतके. याला सब-लिमिट म्हणतात. समजा, विमा १ लाख डॉलरचा आहे आणि ऑपरेशनची मर्यादा १० हजार. बिल ४० हजार झालं तर त्यातले ३० हजार आपल्या खिशातून जातात. म्हणून ज्येष्ठांसाठी विमा घेताना आकड्याआधी विचारा, "सब-लिमिट आहे का?"

दुसरा शब्द डिडक्टिबल. प्रत्येक क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम आपण भरायची, पुढची कंपनीनं. डिडक्टिबल जितकी जास्त, तितका हप्ता सहसा कमी.

जुना आजार लपवू नका

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. बीपी, शुगर, थायरॉईड, हृदयात बसवलेला स्टेंट हे सगळे "आधीपासूनचे आजार". अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात किंवा फक्त जिवावर बेतलं तरच, आणि तेही मर्यादित रकमेपर्यंत, धरले जातात. थोडा जास्त हप्ता घेऊन हे आजार धरणाऱ्या पॉलिसीही मिळतात. आईबाबांसाठी शोधायची ती ही.

बऱ्याचदा होतं असं की फॉर्म एजंट भरतो आणि सही आपली असते. "गोळ्या चालू आहेत, पण त्रास काही नाही," म्हणून आजाराच्या रकान्यात "नाही" लिहिलं जातं. तिकडे छातीत दुखलं की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, कुठल्या गोळ्या घेता? उत्तर हॉस्पिटलच्या कागदावर उतरतं. तोच कागद पुढं विमा कंपनीकडे जातो आणि क्लेम नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे फॉर्म स्वतः वाचा, औषधांची नावं लिहा, भरलेल्या फॉर्मची प्रत जवळ ठेवा. हप्ता वाढला तरी चालेल.

इथून घ्यायचा की तिथून?

अमेरिकेतली मुलं तिथल्या कंपनीचा "व्हिजिटर इन्शुरन्स" सुचवतात. त्यात दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते, तो स्वस्त असतो. दुसऱ्यात बिलाचा मोठा हिस्सा कंपनी भरते, तो महाग असतो. हॉस्पिटलची बिलं पाहता दुसरा जास्त उपयोगी. मात्र परदेशी कंपनीशी वाद झाला तर भारतातल्या विमा लोकपालाकडे दाद मागता येत नाही. भारतीय कंपनीचा विमा घ्यायचा असेल तर निघण्याआधीच घ्या. बहुतेक पॉलिसींची तशी अट असते.

गल्फला कामाला जाणाऱ्यांसाठी

ईसीआर पासपोर्टवर आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांना "प्रवासी भारतीय बीमा योजना" सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये मिळतात. हा विमा कामगारांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्याचं काम त्यानं भागत नाही.

सामान आणि दुचाकी

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर हा कागद घ्या. पासपोर्ट हरवला तर पोलिसांचा रिपोर्ट लागतो. हे कागद नसतील तर क्लेम अडकतो. बाली, थायलंडला भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : तिथं चालणारं लायसन्स नसेल किंवा दारू प्यायलेली असेल, तर अपघाताचा खर्च सहसा मिळत नाही. टूर कंपनी "विमा पॅकेजमध्येच आहे" म्हणाली तर पॉलिसीची प्रत मागून घ्या.

क्लेम अडला तर

भरती व्हायची वेळ आली की पॉलिसीवरच्या २४ तासांच्या नंबरवर लगेच कळवा. कॅशलेसची सोय तिथूनच होते. नंतर क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. कर्नाटकवाल्यांना बेंगळुरू, मध्य प्रदेशवाल्यांना भोपाळ, गुजरातवाल्यांना अहमदाबाद, तेलंगणवाल्यांना हैदराबाद. बाकीच्यांनी पॉलिसीच्या कागदातली कार्यालयांची यादी पाहावी.

पैसे भरण्याआधी एजंटला विचारा

१. माझा जुना आजार धरलाय का, आणि किती रकमेपर्यंत?
२. सब-लिमिट आणि डिडक्टिबल किती?
३. मुक्काम वाढला तर विमा तिथूनच वाढवता येईल का?
४. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळेल का, किती कापून?

उत्तरं तोंडी नकोत, लेखी किंवा ईमेलवर घ्या. पॉलिसीची एक प्रत प्रवाशाच्या हातातल्या बॅगेत असू द्या, एक घरी आणि एक परदेशातल्या मुलांच्या मोबाईलवर.