मॅन्युअल मोडचं कुलूप

परवा माळा आवरताना जुना पॉवरशॉट ए५६० हाती लागला. दोन पेन्सिल सेल घातले आणि पठ्ठ्या चक्क चालू झाला! म्हटलं, या वीकेंडला याचीच गोष्ट सांगू.

२००७ साली कॅननने सख्खे भाऊ शोभतील असे दोन कॅमेरे आणले होते, ए५६० आणि ए५७० आयएस. दोन्ही ७.१ मेगापिक्सेलचे, दोन्हींना ४ पट झूम, आत डिजिक-३ हा एकच प्रोसेसर. थोरल्याकडे जास्तीचं काय? हात हलला तर सावरून घेणारी लेन्स, आणि डायलवर 'एम'. म्हणजे शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं.

मला तो 'एम'च हवा होता. विसर्जन मिरवणुकीत ढोल स्पष्ट आणि वाजवणाऱ्याचा हात मात्र धूसर, असा फोटो डोक्यात होता. त्यासाठी शटर १/८ सेकंदाच्या आसपास पाहिजे. ऑटोवर फ्लॅश पडायचा आणि अख्खं पथक पासपोर्ट फोटोला उभं राहिल्यासारखं दिसायचं. पण दोन मॉडेल्समधल्या किमतीचा फरक म्हणजे धाकट्या बहिणीच्या क्लासची फी. मुकाट्याने ए५६० घेतला.

आता मंडळी, प्रश्न असा की शटर तर ए५६० मध्येही होतंच. मग त्याचा वेग मला का ठरवता येऊ नये?

याचं उत्तर थोडं मागे आहे. ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ३००डी काढला. नुसत्या बॉडीची किंमत ८९९ डॉलर, हजाराच्या आत आलेला पहिला डिजिटल एसएलआर. सेन्सर महागड्या १०डी सारखाच, ६.३ मेगापिक्सेलचा. मग १०डी कोण घेणार? म्हणून ३००डी मधल्या काही सोयी काढून घेतलेल्या होत्या. पुढे एका रशियन प्रोग्रामरने फर्मवेअर उघडून फ्लॅशचा जोर कमीजास्त करणं, आयएसओ ३२००, मिरर लॉकअप हे सगळं चालू करून दाखवलं. हार्डवेअरला ते आधीपासूनच जमत होतं. अडवणारं होतं ते सॉफ्टवेअर!

छोट्या कॅमेऱ्यांसाठी हेच काम सीएचडीकेने केलं, आणि त्याची सुरुवात भन्नाट आहे. कॅमेऱ्यातलं फर्मवेअर बाहेर काढायचं कसं? तर एक छोटा प्रोग्राम कॅमेऱ्यावरचा एलईडी उघडझाप करायचा, एकेक बिट करत. समोर फोटोट्रान्झिस्टर, तो साउंड कार्डाच्या माइकला जोडलेला. तो 'आवाज' रेकॉर्ड करायचा आणि त्यातून पुन्हा बिट्स मिळवायचे. आपण डीबगरमध्ये दोन तास गेले की वैतागतो...

वर्षभराने, वॉरंटी संपल्यावर, मी धीर केला. फायली एसडी कार्डावर टाकल्या, कार्डाची बारकी खिट्टी 'लॉक'वर सरकवली आणि कॅमेरा चालू केला. कॅमेऱ्यातलं मूळ फर्मवेअर जसंच्या तसं राहतं, खिट्टी परत सरकवली की कॅमेरा पुन्हा पूर्वीसारखा. त्या विसर्जनाला लक्ष्मी रोडवर एका रेलिंगला कॅमेरा टेकवून १/८ वर फोटो काढला. हात धूसर, ढोल स्पष्ट. बहिणीचा क्लासही चालूच होता.

अर्थात सगळंच सॉफ्टवेअरने मिळत नाही. बऱ्याच स्वस्त, चपट्या कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चरच्या उघडझाप करणाऱ्या पाकळ्याच नसतात, प्रकाश कमी करायला नुसता एक गडद फिल्टर आडवा येतो. तिथे कोणताही प्रोग्राम काय करणार? आणि सेन्सर नखाएवढा असला की अ‍ॅपर्चर बदलून पार्श्वभूमी फारशी धूसर होतही नाही. म्हणून कमी बजेटमध्ये जुना कॅमेरा शोधत असाल तर आधी शटर स्पीड आपल्या हातात आहे का ते बघा, मग रॉ फाइल, आणि मेगापिक्सेल सगळ्यात शेवटी.

कंपन्यांनाही हे कळत होतं. २००६ च्या जी७ मधून कॅननने रॉ काढून टाकलं, लोकांनी बोंब मारली, २००७ च्या जी९ मध्ये ते परत आलं. फोनचंही तेच झालं. शटर आणि आयएसओचा ताबा अ‍ॅप लिहिणाऱ्यांना नीट मिळाला तो २०१४ साली, आयओएस ८ आणि अँड्रॉइड ५ मध्ये.

आपणही ऑफिसात 'बेसिक' आणि 'प्रीमियम' यांच्यामध्ये एक 'इफ' लिहितोच की. पगार त्यातूनच येतो, तेव्हा मी काही साळसूदपणाचा आव आणत नाही. पण तो लिहिताना हल्ली मला ए५६० आठवतो. पलीकडे कुणीतरी फी आणि फोटो यांचा हिशोब करत बसलेलं असतं.

असो. सेल काढून कॅमेरा परत डब्यात ठेवलाय. गणपतीत पुन्हा काढीन म्हणतो.