कोळसा खाण परवाना : भूस्तर व भूजल माहिती (अमेरिका)

अमेरिकेत १९७७ च्या संघीय खाणकाम कायद्यानुसार कोळशाला हात लावण्याआधी जमिनीच्या पोटातले पाणी जाणून घ्यावे लागते.

अर्जदार विंधन छिद्रांतून थरांची नोंद करतो. काढायच्या सर्वांत खालच्या कोळसाथराखालचा लगतचा स्तर किंवा बाधित होऊ शकणारा जलधर, यांपैकी जो खोल, तिथवर हे वर्णन पोचते. कोळशातले एकूण व पायराइटमधले गंधकही मोजतात. पायराइटला हवा-पाणी लागले की आम्ल बनते. ॲपलेशियातले कित्येक ओढे त्यानेच नारिंगी होऊन मेले. म्हणून ही तपासणी अर्जाचा गाभाच मानायला हवी.

विहिरी-झऱ्यांची जागा, मालकी, पाणीपातळी, सामू, लोह, मँगनीज व विरघळलेले क्षार यांची नोंद ऋतुमानातले बदल दिसतील अशी हवी.

परिसरातल्या सर्व खाणींचा एकत्रित परिणाम मात्र नियामक यंत्रणाच ठरवते.