पुलाचे ऋण

पुलावरून जाणाऱ्याला पूल क्वचितच दिसतो. त्याचे लक्ष पलीकडच्या तीराकडे असते. पूल पाहावा तो पाण्यावरून. युरोपात ऱ्हाइन, सेन, डॅन्यूब ह्या नद्यांतून मंद गतीने जाणाऱ्या नौकांतील प्रवासी काठावरचे मनोरे आणि माथ्यावरून सरकणाऱ्या कमानी पाहण्यात दंग होतात, ते ह्याच कारणाने. आपल्याकडील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात वाळवंट होऊन पडतात. त्यामुळे असा नौकाविहार आपल्या वाट्याला फारसा येत नाही. परंतु नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात, अंभोरा येथे, तो योग आज जुळून आला आहे. तो कसा जुळून आला, हे मात्र समजून घेतले पाहिजे.

अंभोरा हे पाच नद्यांच्या संगमाचे स्थान. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी येथे एकत्र येतात. सातपुड्यात उगम पावलेली कन्हान कामठीजवळ ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींच्या पुलाखालून वाहत येते आणि येथे आपले नाव वैनगंगेच्या स्वाधीन करते. नौका संगमाकडे वळली की टेकडीवरचे चैतन्येश्वराचे मंदिर दृष्टीस पडते. मराठीतील आद्य ग्रंथांत गणला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ येथेच सिद्ध झाला, असे विदर्भातील परंपरा सांगते. मराठवाड्यातील अंबाजोगाईही तोच मान मागते. हा वाद विद्वानांवर सोपवू. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा मानला जातो.

त्याच सुमारास दूर फ्रान्समध्ये, रोन नदीवर, एक पूल उभा राहत होता. आव्हिन्यों येथील हा पूल ११७७ ते ११८५ ह्या काळात बांधला गेला. बेनेझे नावाच्या एका मेंढपाळ मुलाने ईश्वरी आदेश मानून त्याचे काम आरंभिले, अशी कथा आहे. पुढे तो संतपदी गणला गेला आणि पूल त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मध्ययुगीन युरोपात पूल बांधणे हे रुग्णसेवेसारखेच पुण्यकर्म समजत. नदी ओलांडताना माणसे बुडत, म्हणून त्यांना सुखरूप पैलतीरी नेणे ही दया होती. बावीस कमानींचा तो पूल महापुरांनी वारंवार मोडला आणि सतराव्या शतकात लोकांनी त्याचा नाद सोडला. आज चार कमानी आणि त्यांवरील संत निकोलसचे छोटे प्रार्थनामंदिर एवढेच शिल्लक आहे.

अंभोऱ्याला वैनगंगा ओलांडण्याचे साधन दीर्घकाळ नाव हेच होते. पलीकडे भंडारा जिल्हा. बाजार, दवाखाना, सोयरीक, सारे दोन्ही तीरांवर विभागलेले; नाव नसेल तर लांबचा वळसा. जानेवारी २०२४ मध्ये येथे केबलांनी तोललेला, सुमारे ७०० मीटर लांबीचा पूल खुला झाला. दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटून भार खाली पोचवितो. म्हणून तिला जवळजवळ खांब लागतात. ह्या पुलात उंच स्तंभांपासून पसरलेल्या पोलादी केबली मार्गाला वर ओढून धरतात आणि सारा भार स्तंभांच्या माथ्यावर नेऊन ठेवतात. म्हणून खोल पाण्यात खांब कमी लागतात. पुलावर सुमारे ४० मीटर उंचीवर प्रेक्षागॅलरीही आहे. खालून, नावेतून पाहताना त्या तिरप्या रेषा आणि मागची टेकडी ह्यांचा मेळ मनोहर दिसतो, ह्यात शंका नाही.

तथापि येथील सर्वांत मोठे बांधकाम पूलही नव्हे आणि मंदिरही नव्हे. ते आहे आपल्या नावेखालचे पाणी. हे विस्तीर्ण पाणी निसर्गाने दिलेले नाही. ते खाली पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ११ किलोमीटरांहून लांब बांध, ३३ दरवाजे आणि अडीच लाख हेक्टरांहून अधिक जमिनीला पाणी देण्याचा संकल्प, असा हा प्रकल्प. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

ह्या पाण्याखाली गावे आहेत. कुही, भिवापूर, पवनी, भंडारा ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी जमीन, विहिरी, आंब्याची झाडे आणि देवळे सोडली. प्रवाहात मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांची ओळखीची नदीच बदलून गेली. पुनर्वसनासाठी आंदोलने झाली. २०१३ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी, राज्य शासनाने सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले. पैशाने घर बांधता येते. परंतु शेजार, पारावरची बैठक आणि पूर्वजांची माती त्याने विकत घेता येत नाही. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून ह्याच जलाशयात येते. म्हणजे ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच दारी शहराने आपली घाण पाठविली.

मग ह्या सौंदर्याकडे पाठ फिरवावी काय? तसे नव्हे. कारागिरीचे कौतुक करणे हा मानवी मनाचा चांगला गुण आहे, आणि येथील पुलाने अनेकांचे कष्ट वाचविले आहेत. परंतु आव्हिन्योंच्या त्या मेंढपाळाची कथा आठ शतके टिकली, ती कमानींच्या डौलामुळे नव्हे. पूल कोणासाठी बांधला हे लोक विसरले नाहीत म्हणून. अंभोऱ्याच्या पुलाचा इतिहासही त्याची लांबी आणि उंची नोंदवून पुरा होणार नाही. त्यात बुडालेल्या गावांची नावे यावी लागतील, आणि विस्थापितांचे जे देणे राहिले असेल ते फिटावे लागेल. नावेतून उतरणाऱ्याने वर पुलाकडे पाहावे, तसे एकवार खाली पाण्याकडेही पाहावे.