संदर्भ : अमेरिकेची पुनर्रचना आणि दख्खन (१८६५–१८७७)

नवी दिल्ली : अमेरिकेतील यादवी युद्धानंतरची बारा वर्षे तेथील इतिहासात 'पुनर्रचनेचा कालखंड' म्हणून ओळखली जातात. सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीतून मुक्त झाली होती. त्यांना नागरिक मानायचे की केवळ मजूर, हा या काळाचा मुख्य प्रश्न होता. याच बारा वर्षांत मुंबईचा कापूसबाजार कोसळला, पुण्यात महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, भीमथडीत कर्जरोखे जाळले गेले आणि दिल्लीत साम्राज्याचा पहिला दरबार भरला. यांतील काही घटनांचा अमेरिकेशी थेट संबंध आहे, तर काहींचा केवळ समकालीनतेचा.

थेट संबंध सर्वप्रथम दिसतो तो कापसात. १८६१ मध्ये युद्ध सुरू होताच दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या भोवती बँका आणि समुद्र हटवून जमीन मिळवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण आले आणि भाव गडगडले. वायदे पुरे करण्याचा दिवस १ जुलै हा होता. त्या दिवशी मुंबईतील अनेक पेढ्यांना देणी भागवता आली नाहीत. बँक ऑफ बॉम्बेही या धक्क्यातून सावरली नाही.

१४ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ही बातमी लंडनला पोहोचण्यास २६ एप्रिल उजाडला, कारण अटलांटिकखालील तार अद्याप कार्यरत नव्हती. ती १८६६ मध्ये सुरू झाली आणि १८७० मध्ये मुंबईही समुद्री तारेने जोडली गेली. दरम्यान १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता. बाजारभावांना आता जहाजाची वाट पाहावी लागत नव्हती.

अमेरिकेत तीन घटनादुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी संपवली, चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, तर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. हायरम रेव्हेल्स हे १८७० मध्ये सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. जमीन मात्र मिळाली नाही. युद्धकाळात मुक्त कुटुंबांना वाटलेली बहुतेक शेती राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केली. पुढे अनेकांना बटाईने शेती करावी लागली आणि उधारीच्या वहीत त्यांचे पीक आधीच गहाण पडू लागले.

'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपातील हे पुस्तक फुले यांनी गुलामांची मुक्ती घडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावे, ही अपेक्षा त्यामागे होती. पुण्यातील लेखकाने दूरच्या लढ्याला आपला मानावे, याचे आजही अप्रूप वाटते. पण त्याच वर्षी तो लढा मागे रेटला जात होता. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीचा संकुचित अर्थ लावणारा निकाल दिला. १८ सप्टेंबरला जे कुक यांची पेढी बुडाली आणि अमेरिकेत मंदी आली. त्यानंतर सहा दिवसांनी, २४ सप्टेंबर रोजी, पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. हा अर्थात तारखांचा योगायोग आहे.

१८७५ च्या दख्खनच्या उठावाबाबत मात्र योगायोग म्हणून भागत नाही. कापसाच्या तेजीत सावकारांनी हात सैल सोडला होता; तेजी ओसरताच त्यांनी तो आखडला. त्यातच नव्या जमाबंदीने साऱ्यात मोठी वाढ झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोख्याची वैधता तीन वर्षांची ठरली होती. हेतू कुळाच्या संरक्षणाचा, परिणाम उलटा: दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. भीमथडीत कापूस हे मुख्य पीक नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु फटका पिकापेक्षा पतपुरवठ्याला बसला होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमलेल्या रयतेने सावकारांच्या वह्या व रोखे ताब्यात घेऊन जाळले. दुकानेही लुटली गेली. लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले आणि तीसहून अधिक गावे त्यात सापडली. रोष माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखा मिळाला की जमाव बहुधा पांगत असे. सरकारने लष्कर बोलावले, ९५१ जणांना अटक झाली आणि चौकशी आयोग नेमला गेला.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या उत्तरेस, आज कोरोनेशन पार्क असलेल्या भागात, व्हाइसरॉय लिटन यांनी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले. दख्खन व मद्रास इलाख्यात तेव्हा दुष्काळ होता. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, खादीच्या वेषात दरबारास उपस्थित होते. ब्रिटिश प्रजाजनांना असलेला राजकीय व सामाजिक दर्जाच हिंदी प्रजेला मिळावा, ही सभेची मागणी होती. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये १८७६ च्या निवडणुकीचा तंटा सुरू होता. तो तडजोडीने मिटून हेझ राष्ट्राध्यक्ष झाले आणि एप्रिल १८७७ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील शासकीय इमारतीवरचा लष्करी पहारा उठला. पुनर्रचना तेथे संपली.

माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. त्याच महिन्यात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड सुरू झाले. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला.