नाव हरवलेला शिपाई

पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत इंग्लंडात हेरकथेला जसा बहर आला, तसा त्यापूर्वी क्वचितच आला असेल. खेड्यात एक अनोळखी गृहस्थ उतरतो, त्याला स्वतःचे नाव आठवत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात चतुर गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यात बसवून त्याचे कूळ उलगडून दाखवतो, अशा कथा वाचकांनी आवडीने वाचल्या. याच वर्षांत शेजारच्या फ्रान्समध्ये असा एक गृहस्थ खरोखरीच होता. त्याचे कोडे सुटायला मात्र जवळजवळ वीस वर्षे लागली.

१ फेब्रुवारी १९१८ रोजी लिआँ शहरातील ब्रोतो स्थानकावर, जर्मनीतून परत धाडलेल्या युद्धकैद्यांत, एक शिपाई आढळला. अंगावर लष्करी पोशाख होता. पण पलटणीचे चिन्ह नव्हते, आणि ओळख पटेल असा एकही कागद नव्हता. नाव विचारता तो काहीसे पुटपुटला. ऐकणाऱ्यांच्या कानी जे पडले ते त्यांनी ‘आंतेल्म मांझँ’ असे लिहून घेतले. या नावाने केलेला शोध कोठेच पोहोचला नाही. शिपायाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली.

त्या वेळच्या फ्रान्सची अवस्था ध्यानात घेतल्यावाचून पुढचा प्रकार समजणार नाही. युद्धात सुमारे १४ लाख फ्रेंच सैनिक कामी आले, आणि त्यांतल्या अडीच ते तीन लाखांचा मागमूस लागला नाही. त्यांच्या स्त्रिया धड सुवासिनी नव्हत्या, धड विधवा नव्हत्या. ज्याला मूठमाती दिली नाही तो मेला असे मानायचे कसे? ११ नोव्हेंबर १९२० रोजी सरकारने एका अनाम सैनिकाची शवपेटी पॅरिसच्या विजयकमानीपाशी आणली, आणि पुढील जानेवारीत तिचे तेथे दफन केले. हा आपलाच मुलगा असेल, असे कोणत्याही आईला मनात म्हणता यावे अशी ती योजना होती. पण दगडाखालच्या सैनिकाला भेटता येत नाही. इस्पितळातला सैनिक जिवंत होता.

१९२० च्या जानेवारीत ‘ल पती पारिझ्याँ’ या दैनिकाने पहिल्या पानावर अशा काही अनाम रुग्णांची छायाचित्रे छापली. रोदेझ गावच्या एका कुटुंबाने मांझँला आपला मुलगा म्हणून ओळखले, आणि त्याला तेथील इस्पितळात हलवण्यात आले. पुढे शरीराची मापे ताडून पाहता तो त्यांचा नव्हे असे ठरले. १९२२ मध्ये निवृत्तिवेतन खात्याने त्याचे छायाचित्र देशभर नगरभवनांवर लावले, आणि मग पत्रांचा पूर लोटला. सुमारे ३०० कुटुंबांनी त्याच्यावर हक्क सांगितला. कोणाला तो पती वाटला, कोणाला पुत्र, कोणाला भाऊ.

मराठी माणसाला येथे पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. १७६१ च्या त्या रणानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. परंतु तेथे एक माणूस ‘मी तोच’ म्हणत होता आणि दरबार ‘नव्हेस’ म्हणत होता. रोदेझला सर्वच उलटे होते. ‘तूच तो’ असे शेकडो लोक म्हणत होते, आणि ज्याच्याविषयी हे चालले होते तो गप्प होता. हे सारे हक्कदार लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेन्शनवर डोळा ठेवणारे त्यांत कोणी असतीलही. पण बहुतेकांचा डोळ्यांवर विश्वास होता, आणि डोळ्यांना तेच दिसत होते जे चार-पाच वर्षे पाहायचे होते.

या कथेतला गुप्तहेर म्हणजे इस्पितळाचे डॉक्टर फेनेरू. उंची, व्रण, हाडांची मापे, समोरासमोर भेट अशी त्यांची साधी हत्यारे. एकेक दावा गळत गेला. खरा धागा सापडला तो जुन्या कागदांत. अँद्र जिल्ह्यातील सँ मोर गावचा ओक्ताव्ह मोंझ्वँ हा १९१४ च्या ऑगस्टमध्येच जर्मनांच्या हाती लागला होता. मांझँ आणि मोंझ्वँ! तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या रुग्णाचे नाव लिहून घेताना कारकुनाच्या कानाने एवढी गल्लत करावी यात नवल ते काय?

१९३४ मध्ये त्याला सँ मोरच्या रेल्वे स्थानकावर नेऊन मोकळे सोडण्यात आले. कोणी वाट दाखवली नाही. तो चालू लागला, आणि चालत चालत मोंझ्वँ यांच्या घरी जाऊन पोहोचला. वाटेत गावचे चर्च बदललेले दिसल्याचे त्याने बोलून दाखवले. त्याच्या गैरहजेरीत त्याच्या मनोऱ्यावर वीज कोसळली होती. घरात वृद्ध बाप होता. त्याला मात्र त्याने ओळखले नाही. रस्ता पायांना ठाऊक होता, पण बापाचा चेहरा मनातून पुसला गेला होता.

इतर कुटुंबांनी हा निर्णय मान्य केला नाही, आणि खटला चालला. १९३८ मध्ये तो ओक्ताव्ह मोंझ्वँच आहे असे कायम ठरले, आणि त्याला बाप व भाऊ यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला. तोवर बाप आणि भाऊ दोघेही वारले होते.

झाँ आनुई या नाटककाराने याच सुमारास, १९३७ साली, अशाच एका विस्मृत सैनिकावर नाटक रंगभूमीवर आणले. त्याचा नायक आपला गतकाळ जाणून घेतो आणि तो नाकारतो. नाटकातल्या माणसाला तेवढी मुभा होती. खरा माणूस पॅरिसच्या सँत आन इस्पितळात पडून राहिला. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये, अन्नाच्या तुटवड्याने अशा इस्पितळांतून ४० हजारांहून अधिक रुग्ण दगावले. १९४२ च्या सप्टेंबरात तोही मेला, बहुधा उपासमारीनेच. त्याला सामायिक खड्ड्यात पुरले.

१९४८ मध्ये त्याचे अवशेष तेथून काढून सँ मोरला नेण्यात आले. त्या थडग्यावर ओक्ताव्ह मोंझ्वँ हे नाव आहे.