मुंबई-ठाणें लोहमार्गावरील आद्य इंजिन

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून चौदा डब्यांची आगगाडी ठाण्यास गेली. तीस जोडलेल्या तीन इंजिनांचीं साहिब, सिंध व सुलतान हीं नांवें लोकांच्या तोंडीं आजही आहेत. यावरून वाफेचें इंजिन मुंबईकरांनीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें असा समज रूढ झाला. तो आमच्या मतें टिकत नाहीं. १८५२ मध्येंच ‘फॉकलंड’ नांवाचें इंजिन भायखळ्याच्या बाजूस रस्त्याच्या बांधकामावर राबत होतें. नांव अर्थातच तत्कालीन गव्हर्नराचें. रुडकीस तर गंगेच्या कालव्याच्या कामीं १८५१ च्या डिसेंबरांतच एक इंजिन चाललें होतें. शिवाय १८ नोव्हेंबर १८५२ रोजीं कंपनीची मंडळी याच मार्गानें ठाण्यापर्यंत चाचणीची फेरी करून आली. ज्या भांडुपास १८४३ मध्यें क्लार्क नामक इंजिनिअरास या रस्त्याची कल्पना सुचली असें सांगतात, तें भांडुप, घाटकोपर व मुलुंड हीं गांवें वाटेवरचींच. तेथील शेतकऱ्यांनीं हा धूर समारंभापूर्वीं पांच महिने पाहिला असला पाहिजे. फॉकलंडास एकवीस तोफांची सलामी मिळाली नाहीं, एवढाच त्याचा अपराध!