नाशिकचा खटला आणि हेगमधील एक वाक्य

विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालयाची, म्हणजे ‘मूट कोर्ट’ची स्पर्धा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा साचा परिचित असतो. एक काल्पनिक वाद, दोन पक्ष, आधी लेखी निवेदन, मग ठरावीक मिनिटांत तोंडी युक्तिवाद आणि वाक्य पुरे होण्याआधीच आडवा येणारा न्यायाधीशांचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या स्पर्धांत पुष्कळदा दोन राष्ट्रांनी करार करून एक नेमका प्रश्न न्यायपीठापुढे ठेवलेला असतो.

असा एक प्रश्न १९१० साली खरोखरच मांडला गेला. त्याचे मूळ नाशिकमध्ये होते.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तेथे अनंत कान्हेरे या तरुणाने जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मात्र पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोचला होता. मूळचे नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर तेथे कायद्याचे शिक्षण घेत होते. मार्च १९१० मध्ये त्यांना अटक झाली.

ते ज्या ‘ग्रेज इन’चे विद्यार्थी होते, ती लंडनच्या चार जुन्या वकिली संस्थांपैकी एक. अभिरूप न्यायालयाची परंपरा याच संस्थांतली. छापील ग्रंथ दुर्मीळ होते त्या काळात विद्यार्थी तेथील दालनात ज्येष्ठांपुढे कल्पित खटले लढवून वकिली शिकत. ‘अटर बॅरिस्टर’ ही पदवीदेखील अशा वादांत बाकाच्या बाहेरच्या टोकाला बसण्यावरून आली. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले होते. परंतु त्यांच्या राजकीय हालचालींमुळे संस्थेने त्यांना बॅरिस्टरची सनद नाकारली. वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

पुढचा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांना हिंदुस्थानात नेणारी ‘मोरिया’ ही बोट मार्सेय बंदरात थांबली असता ८ जुलै १९१० रोजी सकाळी ते गवाक्षातून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्यावर पोचले. फ्रेंच सागरी पोलिसांतील एका अंमलदाराने त्यांना पकडले आणि बोटीवरून धावत आलेल्या माणसांच्या मदतीने पुन्हा बोटीवर पोचवले. उडीचे वर्णन मराठीत विपुल आहे. त्यानंतरच्या कायदेशीर लढाईकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. खरा पेच तेथेच आहे.

२५ ऑक्टोबर १९१० रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हा वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपवण्याचा करार केला. करारातील प्रश्नाचा आशय एका वाक्यात मावतो: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांनुसार सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन परत करावे की करू नये?

न्यायपीठ पाच जणांचे होते. अध्यक्ष बेल्जियमचे बेर्नार्त आणि सदस्य फ्रान्सचे लुई रेनो हे दोघेही शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. फ्रान्सचे प्रतिनिधित्व कायद्याचे प्राध्यापक आंद्रे वाइस यांनी केले, तर ब्रिटनचे आयर क्रो यांनी. सुनावणी १४ फेब्रुवारी १९११ रोजी सुरू झाली. त्याआधीच मुंबईच्या विशेष न्यायासनाने सावरकरांना दोन जन्मठेपी, म्हणजे एकूण पन्नास वर्षे, सुनावल्या होत्या. त्या न्यायासनापुढे ज्यूरी नव्हती आणि निकालावर अपीलही नव्हते. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, तो हेगमध्ये पक्षकार नव्हता. पक्षकार दोन राष्ट्रे होती.

फ्रान्सची बाजू वरवर भक्कम दिसते. फ्रेंच भूमीवर पाऊल पडताच ब्रिटिशांचा ताबा संपला. त्यानंतर रीतसर प्रत्यार्पण हाच एक मार्ग, आणि १८७६ च्या प्रत्यार्पण करारात राजकीय गुन्ह्यांना अपवाद होता. ब्रिटनने मात्र निराळीच वाट धरली. कैदी या मार्गाने जाणार, हे लंडन पोलिसांनी २९ जूनलाच पॅरिसला कळवले होते. मार्सेयच्या पोलिसांचे सहकार्य होते. शिवाय कैद्याला पकडून सोपवले ते फ्रान्सच्याच माणसाने.

निवाडा २४ फेब्रुवारी १९११ रोजी आला. न्यायपीठाने अटक आणि सोपवणी यांत अनियमितता घडल्याचे मान्य केले. परंतु बळ वा कपट वापरलेले नाही, आणि परकीय अंमलदाराच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्यास भाग पाडणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे ठरवून ब्रिटनच्या बाजूने कौल दिला.

आता कराराचे ते वाक्य पुन्हा वाचावे. फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंग झाला का, असे त्यात विचारलेलेच नाही. परत करावे की नाही, एवढेच विचारले आहे. चूक मान्य होऊनही फ्रान्सच्या पदरात काही पडले नाही, त्याचे निदान अर्धे कारण या शब्दरचनेत आहे. प्रश्न दोन भागांत विचारला असता, तर पहिल्या भागावर फ्रान्सला काहीतरी मिळवता आले असते.

हार्वर्ड विद्यापीठातील प्रसिद्ध ‘एम्स’ अभिरूप न्यायालय स्पर्धा याच १९११ सालची. आंतरराष्ट्रीय कायद्याची ‘जेसप’ स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली. भारतात बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी विद्यार्थ्याला तीन अभिरूप खटले लढवणे बंधनकारक केले. प्रत्येकी दहा गुण, पाच लेखी निवेदनाला आणि पाच तोंडी युक्तिवादाला. नाशिकचा विद्यार्थीही त्याला अपवाद नाही.

हा खटला त्यासाठी निवडला, तर फ्रान्सची बाजू वाट्याला आलेल्याला पहिल्याच मिनिटाला अडवले जाईल: तुमच्याच पोलिसाने कैदी सोपवला, मग तुमच्या सार्वभौमत्वाचा भंग केला कोणी? कनिष्ठ अंमलदाराची चूक राष्ट्राला बांधील करू शकत नाही, हे एक उत्तर. त्यावर पुढचा प्रश्न येणारच: मग त्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्या राष्ट्राने का सोसावा? वाइस यांच्यापुढेही पेच हाच होता.